सरासरीपेक्षा सात अंश अधिक

हवामानाच्या अंदाजात एक वाक्य बहुतेक वेळा शेवटी येतं. आधी कमाल तापमान, मग किमान, मग आकाश निरभ्र की ढगाळ, वारा कुठून, आणि सगळं सांगून झाल्यावर, जाता जाता: 'कमाल तापमान सरासरीपेक्षा सात अंशांनी अधिक राहील.' एरवी हा फरक एखाद-दोन अंशांचा असतो आणि त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण थंडी अजून पुरती सरलेली नाही, फांद्या अजून उघड्या आहेत, अशा दिवसांत तो सातवर जातो तेव्हा माझ्यापुरती सगळी बातमी त्या एका वाक्यात असते. कमाल तापमान २५ की २६, यावरून अंगात काय घालायचं तेवढं ठरतं. सरासरीपासूनचं अंतर फार वेगळी गोष्ट सांगतं: दिनदर्शिकेवरची तारीख आणि दाराबाहेरची हवा यांची आता एकमेकांशी ओळख राहिलेली नाही.

अशा दिवसांचा आनंद कुणी करू नये, असं मला अजिबात म्हणायचं नाही. महिनोन्महिने बंद असलेल्या खिडक्या उघडतात, म्हातारी माणसं उन्हात येऊन बसतात, मुलं स्वेटर काढून कमरेला बांधतात, संध्याकाळ लांबल्यासारखी वाटते. अंदाज सांगणाऱ्याच्या आवाजातही ते उतरतं. हा आनंद खरा आहे आणि थंडीने आखडलेल्या माणसाला त्याचा हक्क आहे. मला अस्वस्थ करते ती अंदाजाची रचना. तो रोज सकाळी पाटी पुसतो आणि नवा दिवस लिहितो. काल २५ होतं, आज २६ आहे, शनिवारी पुन्हा ११ होईल. म्हणजे शनिवारी सगळं पूर्ववत. बाहेर उभ्या असलेल्या झाडांच्या, किड्यांच्या, पाखरांच्या हिशोबात मात्र काहीच पूर्ववत झालेलं नसतं. त्या आठ-दहा दिवसांत त्यांनी काही निर्णय घेऊन टाकलेले असतात आणि त्यातले बरेचसे परत फिरवता येत नाहीत. अवेळी आलेल्या उबेचा अंदाज वाचताना हेच सतत डोळ्यांसमोर ठेवावं, असं मला फार वाटतं.

आधी ही ऊब येते कुठून, ते पाहू. पहिला संशय सूर्यावर जातो, पण तो निर्दोष आहे. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य जितक्या उंचीवर असतो, तितक्याच उंचीवर तो ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातही असतो. ऊन तेवढंच. तरी ऑक्टोबर उबदार आणि फेब्रुवारी गार, कारण ऑक्टोबरात जमिनीने आणि समुद्राने उन्हाळ्याची उष्णता साठवलेली असते आणि फेब्रुवारीत हिवाळ्याचा गारठा. म्हणजे फेब्रुवारीत एप्रिलसारखी हवा पडली, तर ती उष्णता जागेवर तयार झालेली नसते. बहुतेक वेळा ती दोन वाटांनी आलेली असते. एक, विषुववृत्ताकडच्या उबदार प्रदेशातून वाऱ्याबरोबर वाहत. दुसरी, वरून खाली. जास्त दाबाच्या क्षेत्रात हवा सावकाश खाली बसते, खाली येताना दाबली जाते आणि दाबली गेल्यामुळे दर किलोमीटरला सुमारे ९.८ अंशांनी तापते. ढग विरतात, आकाश मोकळं होतं. जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरून वाहणारा वेगवान वारा, अशा वेळी मोठं वळण घेऊन या क्षेत्राला वळसा घालतो. त्या वळणाचा आकार कधी कधी ओमेगा या ग्रीक अक्षरासारखा होतो, आणि तसा झाला की सगळी रचना दिवसेंदिवस जागची हलत नाही. त्यात जमीन कोरडी असेल तर आणखी भर पडते. ओल्या जमिनीत उन्हाचा मोठा वाटा पाण्याची वाफ करण्यात जातो. कोरड्या जमिनीत तो सरळ हवा तापवतो.

आता याच रचनेचा दुसरा अर्धा भाग बघा. तेच निरभ्र आकाश, तीच कोरडी हवा, तोच पडलेला वारा रात्री उलट काम करतात. जमिनीची उष्णता अडवायला वर ढग नसतात, रात्री अजून लांब असतात, आणि पहाटेपर्यंत पारा दिवसाच्या मानाने फार खाली जातो. दिवसाची ऊब आणि रात्रीचा गारठा ही एकाच कारणाची दोन रूपं आहेत. लवकर आलेल्या वसंतात म्हणूनच कमाल आणि किमान यांच्यातली दरी वाढते, आणि आपण सगळे कमाल तापमानाबद्दल बोलत असतो.

२६ फेब्रुवारी २०१९ ला लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये २१.२ अंशांची नोंद झाली. ब्रिटनच्या हिवाळी महिन्यांतला तो उच्चांक. आदल्या दिवशी वेल्समध्ये पाऱ्याने २० अंश ओलांडले होते, आणि हिवाळ्यात असं त्या देशात पहिल्यांदाच घडत होतं. त्या दिवसांचे फोटो मला आठवतात: उद्यानांत गवतावर आडवी झालेली माणसं आणि त्यांच्या मागे एकही पान नसलेली झाडं. सावली द्यायला झाडं तयार नव्हती. त्या एका दृश्यात सरासरीपासूनचं अंतर जितकं स्पष्ट दिसतं, तितकं कुठल्या आकड्यात दिसत नाही.

स्थानिक अंदाज देणाऱ्याचं काम अशा दिवसांत फार नाजूक असतं, आणि त्याची कदर पुरेशी होत नाही. जगभराच्या वातावरणाचं गणित करणारी मोठी मॉडेल्स आहेत. युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्राचं मॉडेल पृथ्वीला सुमारे ९ किलोमीटरच्या चौकटींत विभागून हिशोब करतं. पण ९ किलोमीटरच्या एका चौकटीत एक टेकडी, एक तलाव, एक वसाहत आणि एक खोलगट शेत असू शकतं. ढोबळ आकडा मॉडेल देतं. त्यातलं गाव माणसाला शोधावं लागतं. किनाऱ्यावरचं उदाहरण घ्या. वर्षाच्या या काळात समुद्राचं पाणी सगळ्यात थंड असतं. जमीन तापली की खारे वारे सुटतात आणि किनाऱ्याचं तापमान तिथेच थांबतं. पण जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा जोरात असेल तर खारे वारे उशिरा आत येतात. ते अकराला आले तर दिवस सुखाचा. दोन वाजेपर्यंत अडकले तर त्याच गावात पारा पाच-सहा अंशांनी वर. अंदाज देणाऱ्याला आदल्या संध्याकाळी हे दोन-तीन तास ओळखायचे असतात. आणि वाऱ्याने दिशा बदलून ती उबदार दमट हवा थंड पाण्यावरून किनाऱ्याकडे आणली, तर उन्हाऐवजी दाट धुकं. 'कडक ऊन' आणि 'दिवसभर धुकं' यांच्यात काही वेळा वाऱ्याच्या दिशेतल्या थोड्याशा फरकाचंच अंतर असतं.

अनिश्चितता मोजायचीही पद्धत आहे. मॉडेल एकदाच न चालवता, सुरुवातीच्या स्थितीत किंचित फरक करत पुनःपुन्हा चालवतात. युरोपीय केंद्रात अशा ५१ आवृत्त्या एकत्र चालतात आणि ही पद्धत तिथे १९९२ पासून नियमित वापरात आहे. सगळ्या आवृत्त्या एकमेकींच्या जवळ राहिल्या तर अंदाजावर विश्वास ठेवता येतो. फाकल्या की सावध व्हायचं. अवेळी उबेत मजेशीर गोष्ट अशी होते की पहिले चार-पाच दिवस सगळ्या आवृत्त्यांचं एकमत असतं, कारण जास्त दाबाचं क्षेत्र जागेवर बसलेलं असतं. फाटाफूट होते ती ऊब संपण्याच्या दिवसाबद्दल. वारा मंगळवारी फिरणार की गुरुवारी? नुसता गारवा येणार की गोठवणारी थंडी? सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न बरोबर तिथेच असतो जिथे अंदाज सगळ्यात कमकुवत असतो. तरीही गेल्या काही दशकांत तीन ते दहा दिवसांच्या अंदाजांची पोच दर दशकाला साधारण एका दिवसाने वाढली आहे. आज सहा दिवसांचा अंदाज जितका भरवशाचा आहे, तितका दहा वर्षांपूर्वी पाच दिवसांचा होता. ज्याची बाग बाहेर उभी आहे त्याच्यासाठी हा एक जास्तीचा दिवस म्हणजे काय, हे त्यालाच विचारावं.

आता त्या 'सरासरी'कडे येऊ. ती ३० वर्षांची असते. सध्या बहुतेक ठिकाणी १९९१ ते २०२० हा काळ धरतात. दर दहा वर्षांनी ती पुढे सरकते आणि प्रत्येक वेळी थोडी वर जाते, कारण मधली वर्षं तापत गेलेली असतात. आज 'सात अंश अधिक' म्हणतात तेच तापमान १९६१ ते १९९० च्या सरासरीशी ताडलं तर फरक अनेक ठिकाणी आणखी मोठा निघेल. यात कुणी काही लपवत नाही. पण ऐकणाऱ्याला हे ठाऊक असायला हवं की मोजपट्टीचं शून्यही हळूहळू वर सरकतं आहे.

धोक्याच्या इशाऱ्यांचं गणितही उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेलं असतं. भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार उष्णतेची लाट जाहीर करायची तर मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश, किनारपट्टीवर ३७ आणि डोंगराळ भागात ३० असावं लागतं आणि शिवाय सहसा सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांचा फरक लागतो. मे महिन्यासाठी हा निकष अगदी योग्य आहे. पण फेब्रुवारीत एखाद्या मैदानी गावात पारा ३६ वर गेला आणि सरासरीपेक्षा आठ अंशांनी जास्त असला, तरी तिथे लाट जाहीर होत नाही. माणसाच्या दृष्टीने ते बऱ्याच अंशी बरोबर आहे. गव्हाच्या दृष्टीने? मार्च २०२२ मध्ये भारताचं सरासरी कमाल तापमान ३३.१० अंश होतं, १९०१ पासूनच्या नोंदींतला सगळ्यात गरम मार्च, आणि पाऊसही फारच कमी झाला. उत्तरेकडच्या शेतांत तेव्हा गहू दाणा भरण्याच्या अवस्थेत होता. त्या अवस्थेत उष्णता वाढली की पीक घाईने पिकतं, दाण्याला भरायला वेळच मिळत नाही आणि तो बारीक, सुरकुतलेला राहतो. उत्पादनाचे आधीचे आकडे खाली आणावे लागले आणि १३ मे २०२२ ला सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीने विक्रम केला: २०२३ च्या फेब्रुवारीत देशाचं सरासरी कमाल तापमान २९.५४ अंश, पुन्हा १९०१ पासूनचं सर्वाधिक. २९.५४ हा आकडा ऐकून कुणाच्याही कपाळाला घाम येणार नाही. पीक मात्र तो त्याच्या तारखेसकट वाचतं.

झाडं हे वाचन कसं करतात, ते मला या सगळ्यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं. १७३५ मध्ये रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने एक कल्पना मांडली: एखादं पीक तयार व्हायला किती दिवस लागले ते मोजू नका, त्या दिवसांतल्या तापमानांची बेरीज मोजा. आजचे फळबागा आणि कीडनियंत्रणाचे हिशोब याच बेरजेवर चालतात. एक पायाभूत तापमान धरायचं, समजा ५ अंश. दिवसाचं सरासरी तापमान ६ असेल तर खात्यावर १ जमा. १५ असेल तर १० जमा. म्हणजे एक उबदार दिवस दहा गार दिवसांचं काम एका फटक्यात करून जातो. आणि दिवसाची सरासरी ५ च्या खाली गेली तर? शून्य. उणे होत नाही. या बेरजेत वजाबाकीच नाही. शनिवारी गारठा परतला म्हणून आधीच्या आठवड्यात जमा झालेलं काही परत जात नाही. कळी जिथवर उघडली तिथवर उघडलेलीच राहते.

याला झाडांकडे एक राखण आहे. सफरचंद, चेरी, पीच यांसारखी झाडं आधी थंडी मोजतात. ठरावीक तास थंडीत काढल्याशिवाय त्यांच्या कळ्या उबेला दादच देत नाहीत; काही जातींना असे हजाराहून अधिक तास लागतात. म्हणून डिसेंबरातल्या चार उबदार दिवसांनी झाड फसत नाही, त्याचा थंडीचा कोटा अजून पुरा व्हायचा असतो. हिवाळ्याच्या अखेरीला तो पुरा होतो. मग राखण उठते आणि झाड नेमकं उबेची वाट बघत उभं असतं. वसंताच्या तोंडावर आलेली ऊब डिसेंबरातल्या तितक्याच उबेपेक्षा कितीतरी जास्त गंभीर असते, ती यामुळे. अंदाजात मात्र दोन्हींचं वर्णन एकाच शब्दांत होतं, 'सुखद उबदार'.

उघडण्याची किंमत आकड्यांत सांगता येते. सफरचंदाच्या कळीचं टोक नुकतं चंदेरी दिसायला लागलेलं असतं तेव्हा साधारण उणे ९.४ अंशांच्या थंडीत दहापैकी एक कळी मरते. तेच झाड पूर्ण फुलावर असताना हीच हानी उणे २.२ अंशांलाच होते, आणि उणे ३.९ ला दहापैकी नऊ फुलं जातात. झाड तेच, जागा तीच. 'किमान तापमान उणे ४' हा अंदाज एका आठवड्यात निरर्थक असतो आणि पुढच्या आठवड्यात त्याने वर्षाचं पीक जातं. फरक अंदाजात पडलेला नसतो, मधल्या उबेने पाडलेला असतो.

मार्च २०१२ मध्ये उत्तर अमेरिकेत हे फार मोठ्या प्रमाणावर घडलं. महिन्याच्या मध्यापासून जास्त दाबाचं क्षेत्र ठाण मांडून बसलं आणि अमेरिकेत त्या महिन्यात तापमानाचे, दिवसाचे आणि रात्रीचे मिळून, १५ हजारांहून अधिक विक्रम मोडले. काही ठिकाणी रात्रीचं किमान तापमानच त्या तारखेच्या जुन्या कमाल विक्रमाच्या वर राहिलं. हवामानशास्त्रज्ञसुद्धा आकडे पुन्हा तपासून बघत होते. मिशिगनमधली सफरचंदाची आणि आंबट चेरीची झाडं कित्येक आठवडे आधी फुलली. मग एप्रिल आला, आणि तो एप्रिलसारखाच वागला. त्या महिन्यात तिथे रात्री पारा गोठणबिंदूखाली जाणं हे काही आक्रीत नव्हतं, दरवर्षी जातोच. झाडं पुढे निघून गेलेली होती. राज्याचं सफरचंदाचं आणि आंबट चेरीचं सुमारे ९० टक्के पीक त्या वर्षी बुडालं. त्या थंडीला मी दोष देऊ शकत नाही. नुकसानाची सुरुवात मार्चमधल्या त्या सोनेरी दुपारींत झाली होती, जेव्हा सगळ्या बातम्यांत आइसक्रीम खाणारी मुलं दिसत होती.

२०२१ मध्ये फ्रान्सने हेच पाहिलं. मार्चच्या अखेरीला पारा २५ अंशांच्या पुढे गेला, द्राक्षवेलींना कोवळे कोंब फुटले, आणि एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात काही भागांत तापमान उणे ५ च्या खाली उतरलं. शेतकऱ्यांनी रात्रभर बागांतून हजारो मेणाचे दिवे आणि शेकोट्या पेटवल्या. हवाई छायाचित्रांत ते दृश्य उत्सवासारखं दिसतं. त्यातली माणसं आपलं वर्ष वाचवायला धडपडत होती. देशाच्या कृषिमंत्र्यांनी त्याला शतकाच्या सुरुवातीपासूनची बहुधा सगळ्यात मोठी कृषी आपत्ती म्हटलं. नंतर संशोधकांनी तपासलं तेव्हा उत्तर वरवर उलटं वाटणारं निघालं. हवामानबदलाने अशा थंडीच्या लाटा सौम्य केल्या आहेत. पण कोंब फुटण्याचा काळ त्याहून वेगाने आधी सरकला आहे. परिणामी, वाढ सुरू झाल्यानंतर अशी थंडी गाठण्याची शक्यता मध्य फ्रान्समध्ये सुमारे ६० टक्क्यांनी वाढली आहे. जग तापतं आहे म्हणून गारठ्याने पीक जाण्याचा धोका वाढतो, हे वाक्य मला पचायला वेळ लागला. आता दरवर्षी पहिल्या उबदार आठवड्यात ते आठवतं.

म्हणून मी अशा दिवसांत किमान तापमान आधी वाचतो. आणि ते वाचताना एक दुरुस्ती मनात ठेवतो. अधिकृत तापमान सावलीत, हवेशीर फटींच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर मोजतात. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गवताच्या टोकाशी तापमान त्याहून कित्येक अंशांनी खाली असू शकतं. थंड हवा जड असते, ती उतारावरून ओघळते आणि खोलगट जागेत साचते. अंदाज २ अंशांचा असतो आणि खोलगट भागातली रोपं सकाळी काळी पडलेली असतात. अंदाज खोटा नव्हता; तो पेटीतल्या हवेबद्दल होता. संध्याकाळचा दवबिंदूही बघावा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होऊ लागतं तो आकडा. हवेत ओल असेल तर तापमान दवबिंदूपाशी आलं की बाष्पाचं पाणी होताना सुटणारी उष्णता घसरण मंदावते. हवा कोरडी असेल तर हा अडसर फार खाली लागतो.

याच तत्त्वावर काही बागायतदार गारठ्याच्या रात्री झाडांवर सतत पाणी फवारतात. ऐकायला वेडेपणा वाटतो, कारण फुलं बर्फात गोठलेली दिसतात. पण पाणी गोठताना उष्णता सोडतं, आणि ती थोडीथोडकी नसते: एक लिटर पाणी गोठताना जेवढी उष्णता बाहेर पडते तेवढीत एक लिटर पाणी ८० अंशांनी तापवता येईल. फवारा अखंड चालू राहिला तर बर्फाच्या आतली कळी शून्याच्या आसपासच टिकते. मध्येच थांबला, किंवा वाऱ्याने पाणी भराभर वाळू लागलं, तर उलटा घात होतो. तेव्हा अशा रात्री अंदाजात 'पहाटे वारा सुटेल' एवढे तीन शब्द असणं-नसणं याने बागेचं नशीब फिरतं.

पाखरांचं तर आणखी अवघड आहे. पाईड फ्लायकॅचर हा छोटा काळा-पांढरा पक्षी हिवाळा पश्चिम आफ्रिकेत काढतो आणि वसंतात युरोपात परततो. निघण्याची वेळ तो मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून ठरवतो, आणि हजारो किलोमीटर दूरच्या जंगलात वसंत आधीच येऊन गेला आहे हे त्याला तिथे कळायला काही मार्ग नाही. पिल्लांना भरवायच्या अळ्या मात्र तापमानाच्या बेरजेवर चालतात. नेदरलँड्समधल्या ज्या जंगलांत अळ्यांचा हंगाम सगळ्यात लवकर येऊ लागला, तिथे या पक्ष्यांची संख्या दोन दशकांत सुमारे ९० टक्क्यांनी घटली, असं २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. त्या पाखराला कुणीही अंदाज देऊ शकत नाही.

माणसांना देता येतो, आणि माणसांसाठीही दोन ओळी कमी पडतात. अंगाला उष्णतेची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. हंगामातल्या पहिल्या उष्ण दिवशी ती कुणालाच नसते, म्हणून तोच आकडा नंतरच्या महिन्यांपेक्षा तेव्हा जास्त त्रास देतो. आणि पाणी. हवा पंचवीस अंशांवर असताना तलावाचं आणि समुद्राचं पाणी दहाच्या खाली असू शकतं. तापलेली मुलं थेट उडी मारतात, थंडीच्या धक्क्याने श्वास आपोआप आत ओढला जातो, आणि चांगल्या पोहणाऱ्यालाही पहिलं मिनिट जीवघेणं ठरू शकतं. हवेच्या तापमानाशेजारी पाण्याचं तापमान सांगायला किती सेकंद लागतात?

वसंताची नोंद ठेवणारी माणसं या सगळ्यात माझी आवडती. इंग्लंडमधल्या नॉरफकमध्ये रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ मध्ये पहिलं फूल कधी दिसलं, कुठल्या झाडाला पान कधी फुटलं, बेडूक कधी ओरडले, अशा तारखा लिहायला सुरुवात केली. त्यांच्या मागे घराण्यातल्या पिढ्यांनी ती वही १९५८ पर्यंत चालू ठेवली. जपानच्या क्योटोत चेरीच्या बहराच्या तारखा जुन्या दैनंदिन्यांतून आणि दरबारी नोंदींतून नवव्या शतकापर्यंत मागे नेता येतात. यासुयुकी आओनो या संशोधकाने त्या जुळवल्या. २०२१ मध्ये तिथे पूर्ण बहर २६ मार्चला आला आणि १४०९ मधल्या २७ मार्चचा विक्रम मोडला. १४०९ साली तापमापक नव्हता. ती तारीख आपल्यापर्यंत आली, कारण कुणीतरी झाडाखाली उभं राहून तो दिवस लिहून ठेवला होता. अंदाजात जे नसतं नेमकं ते या वह्यांत आहे: ऊब आली तेव्हा बाहेरचं जग कुठल्या टप्प्यावर होतं.

हे दोन्ही एकत्र आणणं अवघड मुळीच नाही. भारतात कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. त्यात पुढच्या पाच दिवसांचा अंदाज असतो आणि त्याच्या शेजारी पीक कुठल्या अवस्थेत आहे, त्यानुसार काय करावं, हे लिहिलेलं असतं. हवामान विभाग आणि कृषी विद्यापीठं मिळून तो तयार करतात. मला वाटतं, अवेळी उबेच्या दिवसांत शहरातल्या साध्या अंदाजालाही हा एक स्तंभ जोडावा. मला त्यात वाचायला आवडेल असं काही: 'कमाल २६, सरासरीपेक्षा सात अंश अधिक. किमान ७. रस्त्याकडेच्या झाडांच्या कळ्या नेहमीपेक्षा दोन आठवडे पुढे. तलावाचं पाणी ९ अंश, उतरू नये. बुधवारनंतर वारा उत्तरेकडून. गुरुवार ते शनिवार यांपैकी एका रात्री खोलगट भागात गोठणबिंदू गाठण्याची शक्यता, नेमकी रात्र उद्या संध्याकाळी सांगू.' बातमीचा वेळ फार तर पंधरा सेकंदांनी वाढेल, आणि ज्यांच्या बाल्कनीत चार कुंड्या आहेत त्यांना बुधवारी संध्याकाळी त्या आत घ्यायच्या की नाहीत, हे कळेल.